वास येत नाही

पशुखाद्याच्या त्या कारखान्यात बाईंना त्यांच्या पाठीमागे सगळे नाकबाई म्हणत, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. राग म्हणाल तर अजिबात नव्हता. उलट एखादा नवा माणूस चुकून तोंडावर 'नाकबाई' म्हणाला आणि जीभ चावून गप्प बसला, की त्या मनातल्या मनात खूश होत. लोक माणसाला कशावरून तरी ओळखणारच. पोटावरून नाहीतर टकलावरून ओळखण्यापेक्षा नाकावरून ओळखलेलं काय वाईट?

तसं ते नाक दिसायला बेताचंच. जरासं बसकं, त्यामुळे चष्मा सारखा घसरायचा आणि बाई तो मनगटानं वर ढकलायच्या, कारण बोटं कायम कोंड्यानं माखलेली. पण रोज सकाळी आठ वाजता फाटकाबाहेर मक्याच्या गाड्या उभ्या राहिल्या, की सगळ्या कारखान्याचं लक्ष त्या नाकाकडे लागायचं. टोकदार पोकळ सळी पोत्यात खुपसून दाणे काढायचे. बाई मूठभर दाणे घेत, मूठ घट्ट मिटत, अंगठ्याच्या बाजूनं आत 'हाऽऽ' करून गरम श्वास सोडत, मनात पाच आकडे मोजत आणि मग मूठ जराशी उघडून नाकाशी नेत. गरम श्वास लागला की दाण्यात दडून बसलेला वास बाहेर येतो. पुढचं काम वहीतलं. गाडीचा क्रमांक, ओलावा, रंग, किडे, वास, सही. माल चांगला असला की 'वास' या रकान्यात बाई लिहीत: 'वास येत नाही'. खराब असला की लिहीत: 'वास येतो'. मग गाडी आल्या पावली परत. ड्रायव्हरनं कितीही नाक घासलं तरी बाईंचं नाक बधायचं नाही.

कारखान्याला प्रयोगशाळा होती, काचेची भांडी होती, यंत्रं होती. पण तिथली तपासणी वेळखाऊ, म्हणून दहा गाड्यांतल्या एकीचा नमुना तिकडे जायचा. उरलेल्या नऊ गाड्या बावीस वर्षं एका नाकाच्या भरवशावर आत येत होत्या.

बाई शिकल्या होत्या त्या मात्र जनावरांच्या डॉक्टर व्हायला. घरी त्यांच्या सासूबाई हे लोकांना आपल्या पद्धतीनं समजावून सांगत. "सून डॉक्टर आहे हो आमची. पण पेशंट बोलत नाहीत, आणि ही त्यांना बघतही नाही. नुसतं त्यांचं जेवण हुंगते." पगार मात्र वेळेवर येतो, हेही त्या जोडत, नाहीतर ऐकणाऱ्याचा विश्वास बसायचा नाही.

हे हुंगण्याचं खूळ कॉलेजातच सुरू झालं. तिसऱ्या वर्षाला असताना वर्गातल्या सगळ्यांना घेऊन पशुआहाराचे सर गोठ्यावर गेले होते. मुरवलेल्या चाऱ्याचा खड्डा उघडा होता. बाकीची मुलं गाईच्या पोटाला कान लावण्यात गुंग असताना ही एकटी खड्ड्याशी उभी राहून म्हणाली, "सर, हा डाव्या बाजूचा नका घालू, बिघडलाय." सरांनी हुंगलं. त्यांना काही कळेना. तपासणीला पाठवला, तर खरंच बिघडलेला निघाला. सरांनी तिला खोलीत बोलावून घेतलं.

"दवाखाना काढलास तर दिवसाला वीस जनावरं बरी करशील," सर म्हणाले. "खाद्याच्या कामात गेलीस तर वीस हजार आजारीच पडणार नाहीत. पण आजारीच न पडल्यामुळे कुणी तुझे आभार मानायला यायचं नाही. चालेल?"

तिनं 'चालेल' म्हटलं, कारण त्या वयात सगळंच चालतं.

वर्गातल्या सहा मैत्रिणी अजून वर्षातून एकदा भेटतात. तेव्हा बघण्यासारखं असतं. एकच पदवी आणि सहा जणींच्या सहा तऱ्हा. एकीचा कुत्र्यामांजरांचा दवाखाना. तिच्या बॅगेतून हमखास कुणाचा तरी छोटा स्वेटर निघतो. दुसरी लस बनवते आणि सगळ्यांच्या आधी हात धुऊन येते. तिसरी प्राणिसंग्रहालयात आहे, ती बोलायला लागली की बाकीच्यांच्या गोष्टी फिक्या पडतात, कारण वाघाच्या दाढदुखीपुढे कुणाचं काय चालणार? चौथी खाटीकखान्यात मांस तपासते आणि जेवणाच्या टेबलावर तिला कुणी कामाबद्दल विचारत नाही. पाचवी चारशे गाईंच्या मोठ्या गोठ्याची डॉक्टर, तिला सगळ्या गाईवाली म्हणतात. आणि सहाव्या आपल्या बाई. "मी काय, हुंगते," असं त्या म्हणतात खऱ्या, पण म्हणताना मान ताठ असते. नाकावर माशी बसू न देणारी माणसं असतात ना, त्यातल्याच त्या. त्यांच्या बाबतीत हे शब्दशः खरं होतं, एवढंच.

आणि अशा माणसाला सर्दी झाली.

सर्दी साधीच. चार दिवस रुमाल, दोन दिवस खोकला, सातव्या दिवशी बाई ठणठणीत. रविवारी दुपारी त्या स्वयंपाकघरात टेबलाशी वाचत बसल्या होत्या. शेगडीवर दूध होतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासूबाई काठी आपटत आल्या.

"अगं, घर जाळतेस का काय?"

बाईंनी मान वर केली. त्यांच्यापासून दोन हातांवर पातेलं काळंठिक्कर पडलं होतं आणि सगळं स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. बाईंनी शेगडी बंद केली, पातेल्यावर वाकून जोरात श्वास घेतला. काहीच नाही. साबणाची वडी उचलून नाकाला लावली. काहीच नाही. मसाल्याच्या डब्यात नाक घातलं, त्यानं फक्त शिंका आल्या.

"मला वास येत नाहीये," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "काय येत नाहीये?"

"वास!"

सासूबाई खुर्चीत बसल्या आणि थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही, तुला वास येत नाही. चला, दोघी मिळून एक धड बाई होऊ."

बाईंना हसू आलं, पण हसता हसताच त्यांना दुसरा दिवस आठवला. सोमवारी आठ वाजता फाटकावर गाड्या येणार होत्या.

रविवार असूनही त्याच संध्याकाळी गाठलेल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं नाकात दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं की सर्दीनंतर असं होतं कधीकधी. परत येईल. कधी? ते सांगता येत नाही. महिना, सहा महिने, क्वचित जास्त. "तुम्हाला कामात काही अडचण तर नाही ना?" त्यानं सहज विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही, नाही."

घरी सासूबाईंनी सल्ला दिला, "कुणाला बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि मूठ झाकण्याचंच तर बाईंचं काम होतं.

सोमवारी पहिली गाडी आली. बाईंनी दाणे घेतले, मूठ मिटली, 'हाऽऽ' केलं, पाच मोजले, नाकाशी नेलं. हात नेहमीच्या सवयीनं सगळं करत होते आणि नाकापाशी येऊन सगळं संपत होतं. ड्रायव्हर बघत होता, वजनकाट्यावरचा माणूस बघत होता. बाईंनी पेन उचललं आणि लिहिलं: 'वास येत नाही'.

गंमत अशी की त्यात अक्षरही खोटं नव्हतं.

पुढचे अकरा दिवस बाईंनी जे काही केलं ते बघायला हवं होतं. भिंग घेऊन दाण्याचं टोक न टोक तपासलं. दाणे दाताखाली फोडून पाहिले. प्रयोगशाळेत काही ना काही निमित्तानं जादा नमुने पाठवले, इतके की तिथली मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा तुमच्या नाकावर विश्वास नाही का राहिला?" बाई खो खो हसल्या आणि घाम पुसला. काटेवाल्याला त्या एकदम शिकवायलाच लागल्या. "सांगा बरं, कसला वास आहे?" असं म्हणून मूठ त्याच्या नाकापुढे. तो बिचारा फुशारून जाई, डोळे मिटून हुंगे आणि दर वेळी एकच उत्तर देई, "मस्त!" त्या माणसाच्या तोंडात सकाळपासून तंबाखू असे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तसला सगळा प्रकार.

अकरा दिवसांत एकतीस गाड्या आत आल्या.

बाराव्या दिवशी गाईवालीचा फोन आला. "अगं, तुमचं वासरांचं खाद्य बिघडलंय का? कालपासून वासरं गव्हाणीत तोंड घालतात आणि मागे सरतात. एकही खात नाही. मी हुंगलं तर कुबट वास येतोय. आजारी कुणी नाही, ती शहाणी आहेत. पण तुझ्या नाकाखालून हे सुटलं कसं?"

बाई म्हणाल्या, "बघते." आणि त्यांनी फोन ठेवला.

खाद्य परत मागवलं गेलं. दुपारी साहेबांनी आपल्या खोलीत बाईंना आणि गोदामवाल्या काकांना बोलावलं. साहेब तसे वाईट नव्हते, पण आकडा आणि सही दिसली की त्यांना विचार करायची गरज वाटत नसे. समोर नोंदवही उघडी होती.

"मका फाटकातून आत आला तेव्हा चांगला होता," साहेब बोट ठेवून म्हणाले. "हे बाईंच्या हातचं. एकतीसच्या एकतीस गाड्या. वास येत नाही, वास येत नाही. म्हणजे माल बिघडला तो तुमच्या गोदामात. काका, पत्रा गळतोय का?"

काका पंचावन्नचे, सडसडीत, गोदामात अठरा वर्षं. त्यांच्या गोदामात जमिनीवर चहाचा थेंब सांडला तरी ते फडकं घेऊन धावत. ते म्हणाले, "पत्रा कुठं गळत नाही, साहेब. मी रोज बघतो."

"मग?"

काकांनी वहीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "बाईंनी लिहिलंय ना, मग बरोबरच असणार. माझंच कुठंतरी चुकलं असेल. मी परत एकदा सगळं बघून घेतो."

"बघा. आणि सोमवारपासून चौकशी होईपर्यंत घरी थांबा."

बाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. बाटल्यांत ठेवणीतले नमुने होते, प्रत्येक गाडीचे. ते तपासा असं साहेबांच्या मनातही आलं नाही. नाकबाईंनी हुंगलेलं पुन्हा कशाला तपासायचं?

संध्याकाळी निघताना त्यांनी गोदामात डोकावलं. काका थप्पीवर चढून, हातात बॅटरी घेऊन, कोरड्या पत्र्यावर ओल शोधत होते. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या हाक न मारताच परत फिरल्या.

रात्री जेवण कुणी वाढलं, कुणी खाल्लं, त्यांना कळलं नाही. सासूबाईंनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. ते काढलं की त्या स्वतःच बोलत, कारण ऐकायची सोय नसे.

"माझे कान गेले तेव्हा मी सात महिने कुणाला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कुणी काही बोललं की 'हो हो' म्हणायचं. छान चाललं होतं. एकदा शेजारीण येऊन बरंच काही बोलली. मी म्हटलं, हो हो. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि आपलं शिवणयंत्र उचलून घेऊन गेली. तुझे सासरे घरी आले, विचारलं, यंत्र कुठंय? मी म्हटलं, हो हो."

बाईंना हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. सासूबाईंनी यंत्र पुन्हा कानात घातलं.

"मग सांगितलंत सगळ्यांना?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"सांगावंच लागलं. आणि झालं काय? काही नाही. लोक मोठ्यानं बोलायला लागले."

"आणि शिवणयंत्र?"

"ते कसलं येतंय परत!"

सकाळी बाई पावणेआठलाच साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब चहा पीत होते. बाईंनी न विचारता वही ओढली, त्या पहिल्या सोमवारचं पान उघडलं, आणि पहिल्या गाडीपुढे 'वास येत नाही' याच्या आधी बारीक अक्षरात एक शब्द लिहिला. मग दुसऱ्या गाडीपुढे. मग तिसऱ्या.

"काय लिहिताय?" साहेबांनी मान वाकडी करून वाचलं. 'मला वास येत नाही.' त्याखाली: 'मला वास येत नाही.' साहेबांना दुसऱ्या ओळीला काही कळलं नाही, चौथ्या ओळीला कळलं, आणि त्यांनी कप खाली ठेवला. बाई मान वर न करता लिहीत राहिल्या. एकतीस वेळा.

"सर्दीनंतर गेला," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं नाही. काकांच्या गोदामात काही झालेलं नाही. बाटल्यांतले नमुने तपासा."

नमुने तपासले. एकतीसपैकी दोन गाड्यांचा मका फाटकातून आत येतानाच बुरसटलेला होता. साहेब रागावले, आणि त्यांनी रागवायलाच हवं होतं. बाईंना कडक शब्दांत पत्र मिळालं, ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. मग त्या गोदामात गेल्या आणि काकांपुढे उभं राहून म्हणाल्या, "काका, चूक माझी होती. त्या दिवशी मी तुमच्यासमोर गप्प बसले."

काकांना राग आला होता आणि रागवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "दोन तास पत्र्यावर ओल शोधत होतो, बाई. गुडघे गेले माझे." एवढं बोलून झाल्यावर त्यांनी बाईंना बसायला खोकं पुढे सरकवलं.

आता प्रश्न उरला नाकाचा. बाईंनीच तोडगा काढला. कारखान्यातल्या प्रत्येकाची परीक्षा घ्यायची. वीस वाट्या, वर फडकी, काहींत चांगला माल, काहींत बिघडलेला. साहेबांपासून फाटकवाल्यापर्यंत सगळ्यांनी हुंगायचं. दिवसभर कारखान्यात नुसती जत्रा. साहेबांनी ताज्या कोंड्याला सडका ठरवलं आणि सडक्या पेंडीला पहिला नंबर दिला, तेव्हा सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. काटेवाल्यानं वीसही वाट्यांना 'मस्त' म्हटलं. पहिली आली कॅन्टीनवाली मावशी, वीसपैकी वीस. पण तिनं साफ सांगितलं, "मी तुमचा मका हुंगत बसले तर माझ्या भांड्यांकडे कोण बघणार?" दुसरा आला तो कारखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. तिसरे आले गोदामवाले काका.

मग बाईंनी त्यांना शिकवायला घेतलं, आणि तेव्हा बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. बावीस वर्षांत हजारो गाड्या हुंगून त्यांनी वहीत दोनच वाक्यं लिहिली होती. वास येतो, वास येत नाही. आपल्याकडे वासांना शब्दांची काय ददात आहे? कुबट, खवट, आंबूस, करपट, बुरसट, मातकट. पण जो हुंगतो तोच वाचतो, मग लिहायचं कुणासाठी? आता मात्र लिहिणं भाग होतं. बाई डोळे मिटून बसत आणि आठवून सांगत, "खवट तेलाचा वास घशाला आधी कळतो, नाकाला मागून. बुरशीचा सुरुवातीला गोडसर वाटतो, तिथेच फसायला होतं." काका मूठ हुंगून म्हणत, "हो की!" आणि बाईंना स्वतःचं नाक परत आल्याएवढा आनंद होई. मैत्रिणींच्या भेटीत त्यांनी हे सगळं सांगितलं तेव्हा वाघाच्या दाढेची गोष्ट पहिल्यांदाच मागे पडली.

तीन महिन्यांनी एक गाडी आली. दाणे पिवळेधमक, ओलावा बेताचा, किडा एक नाही. काकांनी मूठ मिटली, 'हाऽऽ' केलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"परत पाठवा," ते म्हणाले.

ड्रायव्हर भडकला. "अहो, सोन्यासारखा माल आहे! बाई, तुम्ही बघा. हे काका आत्ता आत्ता शिकलेत."

बाईंनी सवयीनं मूठ भरली, श्वास सोडला, पाच मोजले आणि नाकाशी नेली. काहीच नाही, पांढरी भिंत. ड्रायव्हर आणि सगळा फाटकावरचा घोळका त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काका, नक्की?"

काकांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "बाई, बावीस वर्षांत तुम्हाला कुणी कधी विचारलं, नक्की का म्हणून?"

बाईंनी मुठीतले दाणे पोत्यात परत टाकले, हात झटकले, आणि काकांच्या शब्दावर सही केली.